साधं राखाडी प्लास्टिक

न्यूझीलंडात जुनी गाडी घेतली की तिच्यासोबत एक जपानी बिऱ्हाड येतं. दिसत नाही, पण असतं. किल्ली फिरवली की डॅशबोर्डातून एक बाई अतिशय अदबीनं म्हणते, "ईटीसी काडो गा सोन्यू सारेते इमासेन." टोलचं कार्ड घातलेलं नाही, अशी तिची तक्रार. या देशात टोलचे रस्ते मोजून तीन, आणि तेही नंबरप्लेटचा फोटो काढून हिशेब ठेवणारे. कार्ड घालणार कुठे? पण ती रोज सांगते आणि आपण रोज ऐकतो. रेडिओचीही तीच गत. जपानी गाडीतला जुना एफएम ७६ ला सुरू होऊन ९० ला संपतो, इथली स्टेशनं ८८ पासून १०८ पर्यंत पसरलेली. दोन्ही देशांना सामाईक अशा त्या दोन आकड्यांत जे काही वाजत असेल तीच आपली आवड, असं मानून माणसं वर्षानुवर्षं गाडी चालवतात.

आमच्या कोरोला फिल्डरमध्ये या जपानी बिऱ्हाडानंतर आणखी एक भाडेकरू राहून गेला होता. तो इथलाच, आणि हौशी. त्यानं गाडीच्या आतलं राखाडी प्लास्टिक उचकटून काढलं, त्यावर पाउआची नक्षी चढवली आणि परत बसवलं. मधलं पॅनल, मीटरवरचा छज्जा, एसीच्या झडपांभोवतीच्या कड्या, गिअरची चौकट, चारही दारांवरच्या काचेच्या बटणांच्या पट्ट्या, सगळीकडे पाउआ. फक्त एअरबॅगच्या झाकणाला त्यानं हात लावला नव्हता. हौसेलाही कुठे थांबायचं ते कळतं कधी कधी.

पाउआ ही इथल्या खडकाळ किनाऱ्यावरची समुद्री गोगलगाय. कवच बाहेरून ओबडधोबड, उचलावंसंही वाटू नये असं. आत मात्र निळा, हिरवा, जांभळा असे रंग एकमेकांत शिरलेले आणि जरा तिरकं धरलं की जागा बदलणारे. माओरी कारागीर लाकडी मूर्तींच्या डोळ्यांत त्याचे तुकडे बसवतात आणि मूर्ती आपल्याकडे रोखून बघू लागते. मूर्तीला निदान डोळे दोनच असतात. आमच्या डॅशबोर्डाला अंगभर होते.

गाडी मी हे सगळं बघूनच घेतली. इंजिन उत्तम, गंज नाही आणि पाउआपायी किंमत बरीच खाली आलेली. आधीच्या मालकानं हौसेला पैसे मोजले आणि त्याच हौसेपायी त्याला गाडी स्वस्तात द्यावी लागली, म्हणजे ती त्याला दोनदा महाग पडली. किल्ली हातात देताना तो म्हणाला, "ऊन पडू दे, मग बघ."

ऊन पडलं. इथलं ऊन हे प्रकरण वेगळं आहे. उत्तर गोलार्धात तेवढ्याच अक्षांशावर उन्हाळ्यात जेवढे अतिनील किरण पडतात त्याहून इथे सुमारे ४० टक्के जास्त. हवा स्वच्छ, वरचा ओझोन कमी, आणि इथला उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वीही सूर्याच्या जरा जवळ असते. नाशिकच्या उन्हात माणूस आधी घामाघूम होतो, मग सावली शोधतो. इथे गार वारा अंगावर घेत घेत भाजून निघतो आणि संध्याकाळी आरशात बघतो तेव्हा त्याला कळतं. अशा उन्हात पाउआवरचा चकचकीत लॅकर समोरच्या काचेत उमटायचा. कामावरून घरी येताना रस्ता, पुढची गाडी आणि त्या दोघांवर तरंगणारा निळा-हिरवा समुद्र, असं तिन्ही मिळून दिसायचं.

कारखान्यातलं प्लास्टिक उगाच निस्तेज नसतं. ते चमकू नये, काचेत दिसू नये, नखाचा ओरखडा त्यावर उठून दिसू नये म्हणून पोलादी साच्यावर आम्लानं बारीक सुरकुत्या कोरतात. त्या सुरकुत्या पॉलिप्रोपिलीनवर उतरतात, आणि आपण त्यावरून हात फिरवून नाक मुरडतो की काय हे साधं प्लास्टिक! गंमत अशी, की त्या सुरकुत्या असतात जनावराच्या कातड्याच्या. म्हणजे ज्याला आपण साधं म्हणतो तेही मुळात सोंगच आहे. फक्त इतक्या गाड्यांनी ते इतकी वर्षं वठवलंय की आता कुणाला सोंग वाटत नाही.

पाउआ उतरवून खालचं राखाडी परत मिळवावं म्हटलं तर ती सोय नाही. ही नक्षी पाण्यातून चढते. पाण्यात विरघळणाऱ्या पातळ फिल्मवर शाईनं रंग छापलेले असतात. ती फिल्म कोमट पाण्याच्या टाकीवर अलगद पसरायची, वरून एका रसायनाचा फवारा मारायचा. शाई सैल होते आणि पाण्यावर नुसते रंग तरंगत राहतात. मग पॅनल तिरकं धरून हळूहळू आत बुडवायचं. पाणीच शाईला प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक वळणावर दाबून बसवतं. ब्रश हातात घेतलेल्या माणसाला जन्मात जमणार नाही अशी सफाई. बघत राहावं असं काम आहे, हे मान्यच करायला हवं. पण रंग धरावा म्हणून आधी प्लास्टिक घासून घेतात आणि त्या घासण्यात सुरकुत्या जातात त्या कायमच्या. उरले दोन मार्ग. नवे भाग मागवायचे, तर त्यांची बेरीज गाडीच्या किमतीकडे तिरक्या नजरेनं बघू लागते. नाहीतर असा माणूस शोधायचा, की ज्याच्याकडे राखाडी आहे आणि ज्याला पाउआ हवाय.

आईला हा बेत मुळीच पटला नाही. ती नाशिकची थंडी चुकवून इथल्या उन्हाळ्यात येते आणि गाडीत मागे, उजव्या दाराशी बसते. ती जागा तिची. म्हणाली, "अरे, पैठणीच्या पदरासारखं दिसतंय हे. असले रंग मिळावेत म्हणून लोक येवल्याला जातात, आणि तू राखाडी शोधत फिरतोयस?" पदराकडे बघत बघत गाडी चालवायची नसते, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण पैठणीच्या विषयात आईला उत्तर देणं धोक्याचं; कोणत्या लग्नातला हिशेब निघेल सांगता येत नाही. बायकोचं मत विचारलं तर तिनं वर न बघता विचारलं, "गाडी चालतेय ना?"

मधल्या काळात विम्याचा फोन झाला. गाडीत काही फेरफार केलेले असतील तर कळवावं लागतं. पलीकडची मुलगी यादी वाचत होती. यानं इंजिनाची ताकद वाढते का? नाही. गाडीची उंची बदलते का? नाही. मग हे नक्की करतं काय? मी म्हटलं, "चमकतं." तिनं थोडा वेळ टकटक करून सांगितलं की हप्त्यात फरक पडणार नाही. सीट, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांत मोठे बदल केले तर इथे लो व्हॉल्यूम व्हेइकल नावाचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि ते देणारे लोक फार काटेकोर असतात. रंगरूपाचं मात्र ज्यानं त्यानं बघून घ्यायचं.

माझं पाउआशी वाकडं नाही. या देशातली सगळ्यात गाजलेली बैठकीची खोली पाउआचीच होती. दक्षिण बेटाच्या अगदी टोकाला ब्लफ नावाचं गाव आहे. तिथे फ्रेड आणि मर्टल फ्लुटी या जोडप्यानं राहत्या घराच्या भिंतीवर हजारावर पाउआचे शिंपले लावले आणि येईल त्याला घरात घेतलं. लोक लांबून बघायला येत, चक्क त्यांच्या बैठकीत उभे राहत. दोघंही गेल्यावर शिंपले भिंतीवरून उतरले. पुढे ते क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये पोचले आणि २००८ मध्ये तिथे ती खोली नव्यानं उभी राहिली. पण ते शिंपले खरे होते, भिंतीवर होते आणि भिंत ताशी १०० किलोमीटरनं धावत नव्हती. शिवाय फ्लुटी पतिपत्नींना आपली खोली दर चार वर्षांनी कुणाला विकायची नव्हती. मला वाटतं, सगळा फरक तिथे आहे. जे विकायचंच नाही ते कसंही सजवावं.

गाडीतल्या या हौसेचं मूळ मला टंचाईत दिसतं. आज रस्तोरस्ती जपानी गाड्या दिसतात म्हणून विश्वास बसत नाही, पण एके काळी इथे नवी गाडी मिळणं मोठं दिव्य होतं. परकीय चलन जपून वापरायचं असं सरकारचं धोरण, त्यामुळे ज्याचे पैसे परदेशात असतील त्याला गाडी लवकर मिळे, बाकीच्यांनी थांबायचं. परिणामी एखाद-दोन वर्षं वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग विकली जाई. त्या काळाबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतली चेतक उभी राहिली. आकुर्डीहून निघालेली बजाज नंबर लागून हातात आली, की त्याच दिवशी छापील किमतीपेक्षा जास्त देणारा दारात हजर असायचा. बारा हजार किलोमीटरचं अंतर, मधे दोन महासागर, आणि गाऱ्हाणं शब्दशः तेच.

गाडी मिळाली हेच इतकं थोर, की ती आतून कशी आहे हे कोण विचारणार? सगळ्यांना सारखीच मिळायची. मग तिच्यात स्वतःचं काहीतरी घालायची भूक उरायची. आपल्याकडच्या फियाटीत मागच्या काचेला पडदे, डॅशबोर्डावर चिमुकला पंखा, आरशाला गोंडा. मुंबईच्या टॅक्सींनी ही हौस शेवटपर्यंत जपली. २०१५ पासून टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमात तरुण चित्रकारांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीटपासून छतापर्यंत चित्रं चढवली. मात्र टॅक्सीची गोष्ट निराळी. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ती काही कुणी घरच्यांना फिरवायला विकत घेणार नव्हतं. टॅक्सीची हौस टॅक्सीबरोबर संपते. घरगुती गाडीची हौस पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते.

इथे टंचाई संपली ती धाडकन. १९८० च्या दशकाच्या शेवटी आयातीची दारं उघडली. जपानही आपल्यासारखाच डाव्या बाजूनं गाडी चालवणारा देश. तिथल्या जुन्या गाड्या बोटी भरभरून येऊ लागल्या. १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयात शुल्क उठलं आणि त्याच वर्षी पोरिरुआ, थेम्स, नेल्सन आणि विरी इथले गाड्या जोडणारे कारखाने बंद झाले. थेम्सचा टोयोटाचा कारखाना पुढे वेगळ्या कामाला लागला. जिथे नव्या गाड्या जोडत तिथे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या नीटनेटक्या करून विक्रीला पाठवू लागले. या एका वाक्यात देशाचा बराच आर्थिक इतिहास आहे, पण तो अर्थशास्त्र्यांनी सांगावा.

मुद्दा राखाडीचा. साधी वस्तू सहज मिळेल असा कुणाचा समज असेल तर त्यानं एकदा शोधून बघावं. इथल्या गाड्यांचं सरासरी वय १४-१५ वर्षांच्या घरात. त्या वयाला पोचेपर्यंत प्रत्येक गाडीवर कुणी ना कुणी काही ना काही करून झालेलं असतं. १९९९ पासून हा देश घरातली अडगळ ट्रेड मी या संकेतस्थळावर विकतोय; तिथे कार्बन फायबरची नक्षी मिळते, अक्रोडाच्या लाकडाची मिळते, चकचकीत लाल मिळतं. साधं राखाडी कुणी विकायला काढत नाही. ज्याच्याकडे ते आहे त्याला ते आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं.

मग पिक-अ-पार्ट. ऑकलंडच्या दक्षिणेला मांगेरे, टाकानिनीकडे या नावाची मोठाली आवारं आहेत. दारावर किरकोळ फी भरायची, आपली हत्यारं घेऊन आत जायचं, निकालात निघालेल्या गाड्यांच्या रांगांतून हिंडायचं, हवं ते स्वतःच काढायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. रविवार सकाळ घालवायला याहून चांगली जागा मला ऑकलंडात माहीत नाही. फिल्डर मिळाली, पण आतून बिस्किटी रंगाची. टोयोटाच्या अशा भागांच्या क्रमांकात शेवटची दोन अक्षरं रंगाची असतात, आणि गाडीच्या माहितीपट्टीवर सी/टीआर अशी एक ओळ असते, तिच्यात बाहेरच्या आणि आतल्या रंगाचे संकेत दिलेले असतात. हे ज्ञान मला शेजारच्या गाडीतून मिळालं. म्हणजे त्या गाडीतून दोन पाय बाहेर आले होते, त्यांनी सांगितलं. पाय फिजीहून आलेल्या एका काकांचे होते. मी साधं राखाडी शोधतोय म्हटल्यावर ते उठून बाहेर आले आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "माझ्या मुलाला जरा भेटशील का? तो सगळं लाल करत सुटलाय."

शेवटी जाहिरात दिली, की पाउआ देणे आहे, राखाडी हवे. पहिलं उत्तर आलं ते एका कोळ्याचं असावं, कारण त्यानं विचारलं होतं की शिंपला १२५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे ना, नाहीतर दंड होईल. साध्या पाउआला तो नियम खरोखरच आहे. दुसरं उत्तर हॅमिल्टनहून आलं. इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकणारा मुलगा, त्याच वर्षाची फिल्डर, टपावर शिडी, आणि गाडीत कुणाचाही हात न लागलेलं राखाडी. त्याला त्याचा वैताग आला होता. कामाच्या ठिकाणी तशाच दोन गाड्या होत्या आणि तो सारखा दुसऱ्याचंच दार उघडायला जायचा.

ऑकलंड आणि हॅमिल्टनच्या मधे भेटायचं ठरलं, ते बॉम्बेला. हो, बॉम्बे. १८६३ साली वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या 'बॉम्बे' जहाजावरून या खेड्याला ते नाव पडलं. ऑकलंडकर 'बॉम्बेच्या टेकड्यांपलीकडे' म्हणतात तेव्हा त्यांना उरलेला अख्खा देश अभिप्रेत असतो. मुंबईकराला ओळखीची वाटावी अशी ही वृत्ती. आसपास कांदे-बटाटे भरपूर पिकतात. वडा मात्र मिळत नाही.

हमरस्त्यालगतच्या वाहनतळावर आम्ही शेजारी शेजारी गाड्या लावल्या आणि बॅटरीच्या तारा काढल्या. एअरबॅगच्या आसपास हात घालण्यापूर्वी ९० सेकंद थांबावं, असं टोयोटाचं पुस्तक सांगतं. तेव्हा दोन अनोळखी माणसं, दोन उघडी बॉनेटं आणि कुणी काही करत नाही, असं दृश्य. न्यूझीलंडात असं दृश्य फार वेळ टिकत नाही. एक आजोबा जंपर केबल घेऊन आले. त्यांना परत पाठवतो तोवर ट्रकवाला आला. त्याला "सगळं ठीक आहे" हे पटेना. पॅनल बाहेर येऊ लागली तेव्हा तर त्याचा संशय बळावला. पण मुलाचं प्लास्टिक उचकटणं, माझं त्याच्यामागून क्लिपा गोळा करणं आणि आमची शांत मुद्रा पाहून तो चहा आणायला गेला.

क्लिपा तुटतात. इतक्या वर्षांचं प्लास्टिक, वर हे ऊन. मुलानं नव्या क्लिपांची पिशवी सोबत आणली होती. माझा पाउआ त्याच्या गाडीत चढला आणि तो दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. मग म्हणाला, "ब्रो, हे बरोबर नाही. तू मला एवढं देतोयस आणि मी तुला हे?" त्याच्या राखाडीवर शिडीचा एक ओरखडा होता, कॉफीचा एक डाग होता, मला ते लुटीत मिळाल्यासारखं वाटत होतं. आपण समोरच्याला फसवतोय असं दोघांनाही मनापासून वाटत असलेला व्यवहार मी त्याआधी बघितला नव्हता. भरपाई म्हणून त्यानं उरलेल्या क्लिपा माझ्या हातात कोंबल्या. मी त्याला चिवड्याचं पाकीट दिलं.

मला त्या पोराबद्दल काळजी वाटत नाही. काही वर्षांनी तो गाडी विकायला काढेल, गिऱ्हाईक किंमत पाडेल आणि मग राखाडी शोधत कुणीतरी टाकानिनीत हिंडेल. तोवर ऊन पडलं की त्याला मजा येईल. मी मात्र आपल्यातल्या त्या जमातीचा आहे, जी नव्या गाडीच्या सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक वर्षभर काढत नाही. काचेत आता फक्त रस्ता दिसतो. ती जपानी बाई अजून कार्ड मागते; तिला बदलायचा माझा विचार नाही.

एक काम राहिलंय. मुलाच्या गाडीतली मागच्या उजव्या दाराची पट्टी मुळातच तडकलेली निघाली, त्यामुळे आमच्या त्या दारावर पाउआ तसाच आहे. वाचकांपैकी कुणाकडे २००८ च्या कोरोला फिल्डरची मागच्या उजव्या दाराची बटणांची पट्टी पडून असेल, राखाडी आणि अखंड, तर कृपया कळवावं. पोस्टाचा खर्च माझा, बदल्यात पाउआची पट्टी मिळेल. फक्त आई मार्चअखेर नाशिकला परतते. जे काही पाठवायचं ते त्यानंतर पाठवा.